झोपेचा साक्षीदार

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या तंजावर अभ्याससहलीत एका माजी विद्यार्थ्याने, जे तंजावरात वैद्यकीय व्यवसाय करतात, दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळपासून आपण हे गाव पाहत आहात. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आपण वाचलात. सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथ्या आणि मोडी कागद पाहिलेत. दिवसभर उन्हात हिंडून झाल्यावर, रात्रीच्या जेवणाआधी, मला झोप या विषयावर बोलायला सांगितले आहे. श्रोत्यांपैकी कोणाला डुलकी लागली, तर त्यात विषयाचा गौरवच आहे असे मी मानीन.

या विषयाची सुरुवात मात्र मी याच गावापासून करणार आहे. १७९८ ते १८३२ या काळात येथे राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे एतद्देशीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास आणि वापर होत असे. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांचे कागद आजही सरस्वती महालात जपलेले आहेत. रुग्णाची तक्रार काय, उपचार कोणता झाला, याची त्यांत नोंद आहे आणि सोबत त्या त्या डोळ्याचे रंगीत चित्र आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या या कागदांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात भरते. तेथे रुग्णाला कोणी दोष देत नाही. जे दिसले ते पाहिले आणि लिहून ठेवले, एवढेच तेथे आहे.

डोळ्याच्या आजाराला जे भाग्य लाभले, ते झोपेच्या आजाराला अजूनही पुरते लाभलेले नाही. मोतीबिंदू झालेल्या माणसाला आपण आळशी म्हणत नाही. दिवसा पेंगणाऱ्याला मात्र सहज कुंभकर्ण म्हणतो. रात्री तळमळणाऱ्या बाईला ‘उगाच विचार करत बसतेस’ असे सुनावतो. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला पाहुण्यांसमोर लाजवतो आणि घोरणाऱ्यावर सारे घर हसते. झोपेचे विकार हे शरीराचे विकार आहेत, त्यांना नावे आहेत आणि बहुतेकांना उपाय आहेत, हे आज मला सांगायचे आहे. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. झोपणारा माणूस स्वतःच्या झोपेचा साक्षीदार नसतो. तो साक्षीदार घरातला दुसरा कोणीतरी असतो, आणि त्याने काय पाहिले यावर पुष्कळदा निदान अवलंबून असते.

आपल्या भाषेत असा एक साक्षीदार सतराव्या शतकातच होऊन गेला. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ या तंजावर मुलखात आहेत आणि दासबोधाचे पठण येथील मराठी घरांना नवे नाही. त्या ग्रंथाच्या अठराव्या दशकातील नववा समास निद्रेवर आहे. झोप अनावर झालेल्या मंडळींचे त्यात जे वर्णन आहे, ते वाचून हसू आवरत नाही. कोणी टेकून बसल्या जागीच घोरू लागतो, कोणी पडता पडता वीणाच फोडतो. परंतु वैद्याने तोच समास पुन्हा वाचावा. कोणी झोपेत हात हलवतो, कोणी पाय हलवतो, कोणी करकरा दात खातो. कोणी बरळतो, कोणी रडतो, कोणी हसतो, कोणी दचकून उठतो. कोणाला अंथरुणातच लघुशंका होते. कोणी अंधारात उठून भलतीकडे चालू लागतो आणि जाऊन उकिरड्यावर निजतो. समर्थांचा हेतू साधकाला सावध करण्याचा होता, रोगनिदानाचा नव्हता. तरीही आजच्या निद्राविज्ञानाच्या पुस्तकात जी प्रकरणे असतात, त्यांतील कितीतरी त्या समासात नजरेने टिपलेली आहेत. हसू बाजूला ठेवून तीच नजर आपण घरात वापरली पाहिजे.

आधी निरोगी झोप कशी असते ते थोडक्यात पाहू. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी स्थिती नव्हे. सुमारे नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रभरात होतात. प्रत्येकात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप येते. १९५३ साली शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की, झोपेच्या काही टप्प्यांत बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरत असतात, आणि त्या वेळी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या स्वप्ननिद्रेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावतो पण अंथरुणातच राहतो. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, स्वप्ननिद्रा पहाटेकडे. ही वाटणी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

झोप येते ती दोन कारणांनी. जितका वेळ जागे राहावे तितका ॲडेनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो आणि झोपेची ओढ वाढते. दुसरे कारण म्हणजे शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ. ते पेशींमध्ये कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण आज दुपारी जी कुंभकोणम् पद्धतीची डिग्री कॉफी घेतलीत, तिच्यातील कॅफीन ॲडेनोसिनची वाट अडवते. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. शरीरातील निम्मे कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या पेल्याने रात्री झोपेचे खोबरे होते, ते यामुळे.

झोपेचे महत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चरकसंहितेत शरीराचे जे तीन आधार सांगितले आहेत, त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चर्चा ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात निद्रेचे विवेचन आहे आणि शरीराचे स्थूल वा कृश होणे आहाराप्रमाणेच झोपेवरही अवलंबून असते असे म्हटले आहे. वजन आणि झोप यांचा हा संबंध लक्षात ठेवूनच पहिल्या विकाराकडे वळू.

हा विकार सर्वांत अधिक दुर्लक्षित आणि सर्वांत अधिक घातक आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणे. घरात एखादे गृहस्थ मोठ्याने घोरतात. मंडळी म्हणतात, बाबा ढाराढूर झोपले आहेत. प्रत्यक्षात ते झोपलेलेच नसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना होणारी थरथर म्हणजे घोरणे. पुढे ती वाट मिटतेच. घोरण्याचा आवाज एकदम थांबतो, छाती धडपडत असते पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा घोरणे सुरू. तासाला पाचांहून अधिक वेळा असे घडले तर तो विकार धरतात, तिसांहून अधिक वेळा घडले तर तो तीव्र. तीव्र विकाराचा माणूस आठ तासांत दोनशेचाळीसहून अधिक वेळा गुदमरतो, आणि सकाळी उठून सांगतो की मी छान झोपलो होतो.

त्याचे शरीर मात्र खरे सांगत असते. सकाळी डोके जड, तोंडाला कोरड, रात्री लघवीला वारंवार उठणे, दिवसा वर्तमानपत्र वाचताना पेंग, स्वभाव चिडचिडा, औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब. रात्रभर हृदयावर पडणाऱ्या या ताणामुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. असा माणूस गाडी चालवत असेल तर धोका त्याच्यापुरता राहत नाही. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळही झोपेकडे ओढत असते. रातोरात गाडी हाकत प्रवास उरकण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिच्याविषयी एवढेच सांगतो की, लागलेली डुलकी चालकाला कळत नाही. काच खाली करणे, गाणी लावणे हे उपाय नव्हेत. गाडी सुरक्षित जागी थांबवून थोडी झोप काढणे हाच उपाय.

हा आजार केवळ लठ्ठ पुरुषांचा आहे, ही समजूत चुकीची. जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते, आणि त्या घोरण्याऐवजी थकव्याची किंवा झोप न लागण्याची तक्रार घेऊन येतात. मुलांमध्ये बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी कारण असतात. असे मूल तोंडाने श्वास घेते, झोपेत घामाघूम होते, मान मागे टाकून झोपते. दिवसा ते पेंगतेच असे नाही. उलट चंचल होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला वांड म्हणतो आणि शिकवणी लावतो, तेव्हा गरज कान-नाक-घसा तज्ज्ञाची असते.

रात्रभर श्वास, प्राणवायू, मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके आणि हालचाली नोंदवणारी तपासणी करून या विकाराचे निदान होते. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी प्रसिद्ध केलेला सीपॅप यंत्राचा उपाय आज जगभर वापरला जातो. नाकावरील मुखवट्यातून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा, एवढेच त्याचे तत्त्व. मुखवटा लावून झोपण्याचा संकोच अनेकांना वाटतो. ज्यांना चष्मा लावायची लाज वाटत नाही त्यांनी याचीही वाटू देऊ नये. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, मद्य आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळणे, यांचाही उपयोग होतो.

दुसरा विकार निद्रानाश. एखाद्या रात्री झोप न येणे हा विकार नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि असे तीन महिने, झोप लागत नाही किंवा टिकत नाही, व त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होतो, तेव्हा तो जुनाट निद्रानाश. याचे मूळ शोक, कर्ज, आजारपण यांत असू शकते. पण पुढे एक विचित्र गोष्ट घडते. मूळ कारण सरते आणि झोप न येण्याची भीतीच उरते. माणूस ‘आज तरी लागेल ना’ या धास्तीने नऊलाच पडतो, घड्याळ पाहत तळमळतो, आणि अंथरूण ही जागण्याची जागा आहे असे मेंदू शिकतो. यावर पहिला उपचार गोळीचा नसून सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. रोज ठरावीक वेळी उठावे, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. बराच वेळ झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काही शांत काम करावे आणि पेंग आल्यावर परतावे. अंथरुणात हिशेब, भांडण आणि मोबाइल आणू नये. पहिले काही दिवस त्रास होतो, पण मेंदू जे शिकला ते विसरूही शकतो. मात्र निद्रानाशासोबत सततची खिन्नता, जगणे नकोसे वाटणे असे काही असेल तर विलंब न करता वैद्याला गाठावे.

तिसरा विकार आपल्या आजींच्या पिढीपासून घरोघर आहे आणि त्याला नाव नव्हते. संध्याकाळ झाली, अंग टेकले की पायांत काहीतरी वळवळू लागते. ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चालले की बरे वाटते. अशा किती बायकांनी ‘जरा पाय चेप गं’ असे म्हणत रात्री काढल्या असतील. स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ साली याचे सविस्तर वर्णन केले. शरीरात लोहाची कमतरता, गरोदरपण, मूत्रपिंडाचे आजार यांच्याशी त्याचा संबंध आहे. अनेकदा रक्तातील लोहसाठा तपासून, वैद्याच्या सल्ल्याने तो भरून काढला तरी मोठा आराम पडतो. साध्या तपासणीने सुटणारे दुःख केवळ सांगितले नाही म्हणून आयुष्यभर सोसले जाते.

आता समर्थांच्या समासातील अंधारात फिरणारी मंडळी. मुलांचे झोपेत चालणे आणि किंचाळून उठणे हे बहुधा रात्रीच्या पूर्वार्धात, गाढ झोपेतून घडते. मेंदूचा एक भाग जागा होतो, दुसरा झोपलेलाच असतो. मूल डोळे उघडे ठेवून ओरडते, आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. पहाटेचे वाईट स्वप्न वेगळे. ते आठवते आणि मूल सांगतेही. झोपेत चालणाऱ्याला गदागदा हलवू नये, हळूच हात धरून अंथरुणाकडे आणावे. गच्चीचे आणि जिन्याचे दार बंद ठेवावे. बहुतेक मुलांचे हे वाढत्या वयात थांबते. अंथरूण ओले करण्याचेही तसेच. पाच वर्षांपर्यंत ते वावगे नाही, त्यानंतरही ते मुलाच्या हातात नसते. शिक्षेने ते थांबत नाही, लपवले जाते.

याउलट उतारवयात एखादे शांत गृहस्थ पहाटे झोपेत लाथा मारू लागले, स्वप्नातील चोराशी लढता लढता पत्नीला ठोसा बसला, तर ती गंमत समजू नये. स्वप्ननिद्रेत लुळे राहायला हवे ते स्नायू मोकळे राहिल्याचे ते लक्षण असते. हा विकार १९८६ साली अमेरिकेत प्रथम नीट वर्णिला गेला. पुढे कंपवातासारखा आजार होण्याची ती आगाऊ सूचना असू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

याच स्नायूंच्या लुळेपणाचा दुसरा खेळ म्हणजे जाग आली पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. या तमिळ मुलखात त्याला दाबणारे भूत, ‘अमुक्कु पेय्’, म्हणतात. आपल्याकडेही अंगावर भूत बसल्याची भाषा आहेच. मेंदू जागा झाला आणि स्नायूंचा लुळेपणा क्षणभर मागे राहिला, इतकाच त्याचा अर्थ. थोड्या वेळात ते आपोआप सुटते. जागरणाने ते वाढते, आणि उतारा नियमित झोपेत आहे.

शेवटी आपल्या मुलांविषयी. किशोरवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. रात्री अकराच्या आधी झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. शाळा, शिकवणी आणि हातातला पडदा यांतून ती उरत नाही. त्यामुळे वर्गात पेंगणारी बहुतेक मुले केवळ झोपेची भुकेली असतात. पण एखादा मुलगा पुरेशी झोप घेऊनही रोज, बोलता बोलता, जेवता जेवता झोपतो आणि खदखदून हसताना त्याचे गुडघे एकाएकी लटके पडतात. हा नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो. जाग टिकवणारे ओरेक्सिन नावाचे द्रव्य मेंदूत जवळजवळ संपल्याने तो होतो आणि बरेचदा किशोरवयातच सुरू होतो. अशा मुलाला ‘आळशी’ हे नाव चिकटते आणि निदानाला अनेक वर्षे लागतात. औषधांनी आणि दिवसातल्या ठरावीक लहान झोपांनी तो शिकू शकतो, नोकरी करू शकतो. त्याला आळशी म्हणण्यात गेलेली वर्षे मात्र परत येत नाहीत.

मग आपण करायचे काय? एक वही घ्या. दोन आठवडे त्यात रोज पाच गोष्टी लिहा. किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, आणि दिवसा कोठे पेंग आली. चहा-कॉफीची वेळही लिहा. सहाव्या रकान्यात घरातल्या दुसऱ्या माणसाने लिहावे. घोरणे मध्येच थांबते का, पाय झटकतात का, बरळणे होते का. ही वही वैद्यासमोर ठेवलीत तर अर्धे निदान तेथेच होते. ती लिहिताना थट्टा नको आणि दूषणही नको.

आपल्यापैकी पुष्कळजण आज आईवडील आहेत, काहीजण शिक्षकही आहेत. आपल्या शाळेला साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत मागच्या बाकावर पेंगणारी किती मुले ओणवी उभी राहिली असतील, याचा हिशेब कोणाकडे नाही. पुढच्या वर्षांत असे मूल दिसले, तर शिक्षा करण्याआधी त्याला जवळ बोलावून एकच प्रश्न विचारावा, ‘बाळा, रात्री झोप कशी लागते?’ आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.

 सर्वांना स्वस्थ निद्रा लाभो.